अरुंधती दिसली का?



मागच्या वैशाखात आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीचं लग्न झालं. गोरज मुहूर्त होता. अक्षता पडल्या, सप्तपदी झाली. मग गुरुजींनी नवरानवरीला मांडवाबाहेर आणलं आणि उत्तरेकडं बोट केलं. "ती बघा अरुंधती. दिसली का?" नवरीनं मान वर केली. मांडवाला चारी बाजूंनी हॅलोजन, समोर डीजेच्या गाडीचे फिरणारे लाइट, वर सगळं पांढुरकं. नवरी म्हणाली, "हो, दिसली." नवराही म्हणाला, "दिसली."

रात्री पंगती उठल्यावर आम्ही भांडी मोजत बसलो होतो. नवरीची आजी म्हणाली, "काय गं पोरींनो, खरंच कुणाला दिसली का अरुंधती?" कुणालाच दिसली नव्हती. खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणींना ती कुठं शोधायची हेही ठाऊक नव्हतं. आजीला ठाऊक होतं. ती म्हणाली, "माझ्या लग्नात बोट दाखवायच्या आधीच दिसली होती. तेव्हा गावात लाइट कुठं होते?"

आजचं बोलणं त्यावरच आहे. आपल्याकडं उजेड कसा आला, त्यापायी आभाळ कसं दिसेनासं झालं, आणि ज्यांनी उजेडही ठेवला नि आभाळही राखलं त्यांनी ते कसं केलं, याचा हा इतिहास आहे.

आधी अरुंधती कुठं असते ते सांगतो. उत्तरेकडं सात तारे पळीसारखे मांडलेले दिसतात, ते सप्तर्षी. चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांचं शेपूट. शेपटातला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला चिकटून असलेली बारीक चांदणी म्हणजे अरुंधती. चैत्र-वैशाखात रात्रीच्या पहिल्या प्रहरी सप्तर्षी उत्तरेला उंच असतात, आणि आपली लग्नसराईही तेव्हाच असते. म्हणजे गुरुजींचं बोट चुकलेलं नव्हतं. दिसायला अंधार लागतो, तो नव्हता.

आभाळ हेच पंचांग

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात घड्याळ नव्हतं. पहाटे जात्यावर बसायची वेळ कोंबड्यावरून कळायची, आणि शुक्राची चांदणी पहाटेला असली तर तिच्यावरून. रात्री गाडी जुंपून बाजाराला निघणारा माणूस तिकांडं कुठवर आलं ते बघायचा. मृगातले एका ओळीतले तीन तारे म्हणजे तिकांडं.

मृगावरून एक गंमत आठवते. गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, "मृग लागतो म्हणजे काय होतं?" सगळ्या म्हणाल्या, "पाऊस लागतो, पेरणी करायची." बरोबर. पण मृग लागतो म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात येतो, जूनच्या ७-८ तारखेच्या सुमाराला. तेव्हा मृगाचे तारे सूर्याबरोबरच उगवतात नि मावळतात, म्हणून ते दिसतच नाहीत. ते बघायचे तर पौष-माघात, संध्याकाळनंतर. आता विचार करा. जे नक्षत्र पावसाळ्याच्या तोंडाला दिसतच नाही, त्याच्यावर पेरणीचं गणित बसवायचं, तर वर्षानुवर्षं रोज रात्री आभाळ बघणारी माणसं असली पाहिजेत. ती माणसं आपल्यासारखीच शेतात राबणारी होती.

या गोष्टीचा पुरावा आपल्या विदर्भाच्या आसपासच आहे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे या दोन अभ्यासकांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश मिळून सुमारे १५ गोंड गावांत जाऊन लोकांना आभाळाविषयी विचारलं. त्यांचा अभ्यास २०१३ साली छापून आला. पोथीतल्या आभाळापेक्षा गोंडांचं आभाळ वेगळं आहे, असं त्यांना आढळलं. आपण ज्याला मृग म्हणतो त्यात गोंडांना नांगर दिसतो. सप्तर्षींच्या चौकोनात खाट दिसते. आमच्या गटातल्या एका गोंड मावशीला आम्ही हे सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "यात काय नवीन? म्हातारीची खाट आहे ती. मागचे तीन चोर आहेत, खाट चोरायला आलेले." मावशीची शाळा दुसरीपर्यंत झालेली. तिला ही गोष्ट तिच्या आईनं अंगणात बाजेवर निजवताना सांगितली होती. तिच्या नातीला मात्र ती सांगता येत नाही. अंगणातून खाटही दिसत नाही आणि चोरही दिसत नाहीत.

उजेड कसा आला

इथं एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आम्हाला अंधाराचं कौतुक करायचं नाही. कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं झालेली आहेत, चिमणी लवंडून घरं जळालेली आहेत. अंधार पडायची वाट बघत दिवसभर पोट दाबून बसलेल्या बाया आपल्या घरांत होत्या. त्यांना पायाखाली साप आहे की काय हेही कळायचं नाही. उजेड आला ही आपल्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे.

पूर्वी उजेड महाग होता. जवसाचं, करडईचं तेल खायला पुरेना, तर जाळायला कुठून आणणार? म्हणून दिवा लागायचा तो कामापुरता, आणि मोठा उजेड व्हायचा तो सणापुरता. रामटेकच्या गडावर कार्तिक पौर्णिमेला त्रिपूर पेटतो. लांबलांबची माणसं त्या एका ज्योतीसाठी यात्रेला येतात. अंधार होता म्हणून त्या एका रात्रीच्या उजेडाला मोल होतं.

मग मातीचं तेल आलं, कंदील आला. शहरांत रस्त्यावर दिवे आले. मुंबईत १८६५ साली गॅसचे दिवे लागले. असा दिवा माणसानं येऊन लावायचा नि माणसानंच येऊन विझवायचा. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेतल्या कित्येक शहरांत चांदण्या रात्री रस्त्यावरचे दिवे लावतच नसत. चंद्राचा उजेड फुकट असताना पैसे कशाला जाळायचे, असा साधा हिशेब होता. आपल्या गटाच्या खजिनदारालाही तो पटेल.

वीज आली तशी हा हिशेब बदलला. १९१५ साली खोपोलीला टाटांचं वीज केंद्र सुरू झालं, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. खेड्यांची पाळी फार उशिरा आली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी वीज मंडळ झालं, आणि मग खांब नि तारा गावोगाव निघाल्या. १९७४ साली आपल्या नागपूरजवळ कोराडीचं केंद्र सुरू झालं. पेंच नदीवर तोतलाडोहला धरणातल्या पाण्यावर वीज होऊ लागली. गावात पहिला खांब उभा राहिला त्या दिवशी नारळ फोडला होता, पेढे वाटले होते, हे आमच्या घरातली मोठी माणसं आजही सांगतात. खांबावरचा बल्ब पिवळा होता. त्याच्याखाली पोरं अभ्यास करायची. दहा पावलं पुढं गेलं की पुन्हा तारे दिसायचे.

मग आभाळ गेलं कधी? गेल्या दहा-पंधरा वर्षांत. निळा उजेड देणाऱ्या एलईडीचा शोध लागला आणि त्यामुळं पांढरा एलईडी दिवा करता आला. त्या शोधासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारनं घरोघरी एलईडी बल्ब देण्याची आणि रस्त्यावरचे दिवे एलईडी करण्याची योजना सुरू केली. वीज वाचली, बिल कमी आलं, हे खरंच आहे. पण वस्तू स्वस्त झाली की आपण ती जास्त वापरतो. जिथं एक दिवा होता तिथं चार आले. चौकात हायमास्ट आला, मंदिराला लाइटच्या माळा आल्या, ढाब्याला, मंगल कार्यालयाला, दुकानाच्या पाटीला रात्रभर जळणारे दिवे आले.

शिवाय हे दिवे पांढरे निळसर असतात. दिवसा आभाळ निळं का दिसतं? सूर्याच्या उजेडातला निळा भाग हवेत जास्त पसरतो म्हणून. रात्री खांबावरच्या पांढऱ्या दिव्याचंही तेच होतं. त्यातला निळा भाग हवेत पसरतो, धुळीवर, दमट हवेवर आपटतो आणि गावावर पांढुरका पडदा धरतो. त्या पडद्याआड तारे जातात. यालाच प्रकाश प्रदूषण म्हणतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी साऱ्या जगाचा नकाशा काढला. जगातल्या दर तीन माणसांपैकी एकाला आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही, असं त्यातून कळलं. २०२३ साली आणखी एक अभ्यास आला. त्याच्या वेगानं हिशेब केला तर ज्या जागी मूल जन्मताना २५० तारे दिसत होते, तिथं ते १८ वर्षांचं होईपर्यंत १०० च दिसतील.

नुकसान एकट्या ताऱ्यांचं नाही. रात्री झोप येण्यासाठी शरीरात जो रस तयार होतो, तो डोळ्यांवर उजेड पडला की कमी होतो. काजवे एकमेकांना उजेडानंच खूण करतात, त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही. किडे दिव्याभोवती फिरून फिरून मरतात. त्यांच्यातले कितीतरी आपल्या पिकाच्या कामाचे असतात.

ज्यांनी आभाळ राखलं

यावर पहिला कायदा एका शहराच्या पालिकेनं केला, हे वाचून आम्हालाही नवल वाटलं होतं. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथं १८९४ पासून वेधशाळा आहे, आणि तिथंच १९३० साली प्लूटोचा शोध लागला. जाहिरातीसाठी दुकानदार आभाळात मोठे झोत मारायला लागले, तेव्हा १९५८ साली तिथल्या पालिकेनं त्या झोतांवर बंदी घातली. पुढं १९८८ साली त्याच राज्यात अंधाऱ्या आकाशासाठी काम करणारी संस्था निघाली. आज तिचं नाव डार्कस्काय इंटरनॅशनल आहे. तिनं २००१ साली फ्लॅगस्टाफला जगातलं पहिलं अंधाऱ्या आकाशाचं शहर ठरवलं. ते शहर ओस पडलं नाही. तिथं रस्ते आहेत, दुकानं आहेत, दिवेही आहेत. दिव्यांची तोंडं तेवढी खाली आहेत.

आपल्या देशात लडाखमध्ये हानले नावाची वस्ती आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ४,५०० मीटर उंचीवर. तिथं भारताची मोठी दुर्बीण आहे. २०२२ साली त्या भागाला अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र जाहीर केलं. लोकांनी खिडक्यांना जाड पडदे लावले, बाहेरच्या दिव्यांना टोप्या घातल्या. गावातल्या २४ जणांना आकाश दाखवायचं शिक्षण दिलं, दुर्बिणी दिल्या. त्यांत बायकांची संख्या जास्त आहे. पाहुणे येतात, त्यांच्या घरी राहतात, जेवतात, आणि रात्री गावातली बाई त्यांना शनीची कडी दाखवते. घरबसल्या उत्पन्नाचं असंही साधन असतं, हे आपल्या गटांनी लक्षात घेण्यासारखं आहे.

आणि आता आपल्या दाराशी या. नागपूर जिल्ह्यातला आपला पेंच व्याघ्र प्रकल्प. जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनलनं त्याला डार्क स्काय पार्कचा दर्जा दिला. भारतातलं हे पहिलं आणि आशियातलं पाचवं. हा दर्जा नुसतं जंगल आहे म्हणून मिळाला नाही. जंगलाच्या काठावरच्या वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले रस्त्यांवरचे नि सार्वजनिक जागांवरचे शंभराहून अधिक दिवे बदलले, उजेड जमिनीवरच पडेल असे बसवले. आभाळ पाहायला मनोरा उभारला, दुर्बीण ठेवली. लक्षात घ्या, ही वाघाच्या शेजारची गावं आहेत. अंधाराची भीती त्यांच्याइतकी कुणाला असेल? तिथले दिवे काढले नाहीत, त्यांची तोंडं खाली केली.

आमच्या गावचा चौक

आता आमची गोष्ट. आमच्या गावात दिवे आम्हीच मागून घेतले. हातपंपाच्या वाटेवर नि नाल्याकडच्या गल्लीत अंधार असायचा, दारू पिऊन पोरं बसायची. गटातल्या आम्ही सगळ्या ग्रामसभेत उभ्या राहिलो. दोन वर्षं पाठपुरावा केल्यावर दिवे आले, पण गल्लीत आले नाहीत. चौकात उंच हायमास्ट आला. उद्घाटन झालं, फोटो निघाले. चौकात दिवसासारखा उजेड, आणि हातपंपाची वाट होती तशीच.

तशीच म्हणजे खरं तर आधीपेक्षा वाईट. हे आम्हाला उशिरा कळलं. आमच्या गटातली एक ताई रात्री नऊच्या सुमारास दुकानातून परत येत होती. चौकातून गल्लीत वळली आणि उघड्या नालीत पडली. मनगट मोडलं, दीड महिना हात गळ्यात. मजुरी बुडाली, गटाचा हप्ता आम्ही सगळ्यांनी मिळून भरला. ती म्हणाली, "रोजची वाट आहे गं माझी. आधी अंधारातही दिसायची. आता चौकातून वळलं की डोळ्यांपुढं काळं येतं." कारण साधं आहे. झगझगीत उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते. एकदम अंधारात गेलं की ती लगेच मोठी होत नाही, आणि डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटंसुद्धा लागतात. एका ठिकाणी फार उजेड म्हणजे बाजूला जास्त अंधार.

मग आम्ही हिशेब मांडला. हायमास्टवर २०० वॉटचे सहा दिवे, म्हणजे १,२०० वॉट. रात्री अकरा ते पहाटे पाच या सहा तासांत चौकात कुत्र्याशिवाय कुणी नसतं. सहा तासांचे ७.२ युनिट. महिन्याचे २१६ युनिट. ते बिल ग्रामपंचायतीचं, म्हणजे आपलंच. आणि त्या उजेडातला कितीतरी भाग आभाळात जातो, समोरच्या घरांच्या खिडक्यांत जातो.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती आम्ही घेतली आणि चार गोष्टी मागितल्या. दिव्याचं तोंड सरळ खाली हवं, वर टोपी हवी. चौकातले दोन दिवे काढून हातपंपाच्या वाटेवर नि नाल्याच्या गल्लीत खालच्या उंचीवर लावावेत. नवीन दिवा घेताना पिवळसर घ्यावा. खोक्यावर २७०० के किंवा ३००० के लिहिलेलं असतं तो पिवळसर, ६५०० के लिहिलेलं असतं तो पांढरा निळसर. आणि रात्री अकरानंतर चौकातले निम्मे दिवे बंद करावेत, वाटेवरचे चालू ठेवावेत.

सभेत वाद झाला. आमच्यातलीच एक जण उठून म्हणाली, "इतकी वर्षं अंधारात काढली, आता कुठं उजेड आला आणि तुम्ही तो कमी करा म्हणता? उद्या काही झालं तर?" तिचा राग खोटा नव्हता. आम्ही म्हणालो, "ताई, कमी करा म्हणत नाही. जिथं आपले पाय पडतात तिथं आणा म्हणतो." ती लगेच मानली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याबरोबर चौकातून गल्लीत चालत आली, नालीपाशी थांबली, आणि मग म्हणाली, "गल्लीतला दिवा आधी लावा. मग चौकातला विझवा." तेच ठरावात लिहिलं. तिचं म्हणणं आमच्यापेक्षा शहाणपणाचं होतं.

सगळं झालं असं नाही. गल्लीत दोन दिवे लागले, टोपीचे, पिवळे. हातपंपाकडचा अजून बाकी आहे. चौकात अकरानंतर सहापैकी तीन दिवे बंद होतात, तेही ज्याच्याकडं बटण आहे त्याच्या लक्षात राहिलं तर. पण हात मोडलेली ताई आता बॅटरीशिवाय गल्लीतून जाते. आणि अकरानंतर आमच्या मागच्या अंगणातून सप्तर्षी दिसतात.

मैत्रिणींनो, पुढच्या गटाच्या बैठकीआधी एक काम करा. दिवाळीनंतर, अमावस्येच्या आसपास, पोरांना घेऊन अंगणातला दिवा बंद करा आणि थोडा वेळ डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. पूर्वेकडं ताऱ्यांचा एक छोटा पुंजका दिसेल, द्राक्षाच्या लहान घडासारखा. त्या कृत्तिका. कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहा आया. किती दिसतात ते मोजा आणि गटाच्या वहीत लिहा. सहा दिसल्या तर तुमच्या गावचं आभाळ अजून बरं आहे. दोन-तीनच दिसल्या, किंवा नुसता धुरकट ठिपका दिसला, तर कुठला दिवा वर बघतोय ते शोधा आणि महिला सभेत त्याचं नाव घ्या.

लग्नातल्या त्या नवरीला आम्ही दिवाळसणाला मागच्या अंगणात घेऊन गेलो होतो. तेव्हा सप्तर्षी पहाटे उगवतात, म्हणून चार वाजता उठवलं. बराच वेळ लागला. मग तिनं आजीचा हात धरला आणि म्हणाली, "आजी, आत्ता दिसली."